‘डब’मधली फट : इलेक्ट्रॉनिक स्टेथो बनवतानाच्या प्रकल्प नोंदी

हृदयाच्या ‘लब-डब’मधला ‘डब’ हा एक आवाज नाही, दोन आहेत. आधी महाधमनीची झडप मिटते, मग फुप्फुसधमनीची. श्वास सोडताना दोन्ही इतक्या लागोपाठ मिटतात की कानाला एकच ठोका वाटतो. श्वास आत घेताना मात्र त्यांच्यात सेकंदाच्या तीन-चार शतांशांची फट पडते, आणि हे धडधाकट माणसातही होतं. ती फट मला स्वतःच्या छातीवरून, स्वतः जोडलेल्या यंत्रानं पकडायची होती. बाकी काही नाही.

संध्याकाळचे दोन-दोन तास धरून नऊ आठवडे लागले. त्यातले निम्मे चुका शोधण्यात गेले. कुणी हेच करायला घेतलं तर तेवढे वाचावेत म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवतो आहे. हे यंत्र निदानासाठी नाही. छातीत काही वाटलं तर डॉक्टरकडे जायचं.

४ जानेवारी

सामान : इलेक्ट्रेट माइकच्या पाच कॅप्सूल, टीएल०७२ ऑप-अँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारी चिप), ९ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर-कपॅसिटर, ब्रेडबोर्ड, शील्डेड (म्हणजे जाळीचं आवरण असलेली) वायर, एक जुना स्टेथो कापायला.

पहिली कॅप्सूल आजच गेली. वायर जोडताना सोल्डरिंग आयर्नचं टोक फार वेळ टेकवलं. इलेक्ट्रेटमध्ये कायमचा विद्युतभार साठवलेला असतो, त्यावरच तो माइक चालतो, आणि उष्णतेनं तो भार उतरतो. कॅप्सूल पूर्ण बंद पडली नाही, पण शेजारच्या चारांपुढे तिचा आवाज अगदीच मिणमिणता. दुसरीच्या वेळी वायरीच्या टोकांना आधीच सोल्डर लावून ठेवलं आणि एका टाक्याला दोन सेकंदांच्या वर टोक टेकू दिलं नाही. ही नीट चालते.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट हौसेनं केली. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदांची गुंडाळी करून तिच्यातून रुग्णाचं हृदय ऐकलं होतं. मीही कोऱ्या कागदांचा गठ्ठा घट्ट गुंडाळला, दोऱ्यानं बांधला आणि मुलीच्या छातीला लावला. आवाज स्वच्छ येतो! लेनेक बासरी वाजवायचा आणि पुढं लाकडी स्टेथोस्कोप स्वतः लेथवर कातायचा. आवाज कुठून कसा वाहतो हे त्याच्या हातांना माहीत होतं. मला ते अजून शिकायचं आहे.

७ जानेवारी

मोठं तोंड म्हणजे जास्त आवाज, असं धरून प्लास्टिकचं रुंद नरसाळं छातीला लावलं आणि नळीच्या टोकाला माइक बसवला. हाती काही लागलं नाही. कपड्यांची सळसळ, माझा घसा साफ केल्याचा आवाज, बस.

आपण पुस्तकात वाचतो की शरीर आणि हवा यांच्या ध्वनिरोधात जवळपास चार हजारपट फरक असतो, म्हणून हजारातला एखादाच भाग ऊर्जा पलीकडे जाते. ते मोकळ्या लाटेबद्दल खरं आहे. इथं तसं चित्र नाही. ५० हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी जवळपास सात मीटर. दोन-चार सेंटिमीटरच्या पोकळीत अशी लाट कसली मावणार? तिथं छातीची कातडी पंपाच्या दट्ट्यासारखी आत-बाहेर होते आणि कोंडलेली हवा दाबते. पोकळी जेवढी लहान तेवढा दाब जास्त. नरसाळ्यात हवा उदंड होती, म्हणून दाब जाणवण्याइतका बदललाच नाही.

नरसाळं काढून स्टेथोचा मूळ चेस्टपीस, म्हणजे छातीला टेकवायची चकती, लावला. लगेच धडधड दिसली, पण रेघ फार बारीक.

८ जानेवारी

नळीही नडते हे आज कळलं. ३० सेंटिमीटरची ठेवली होती. वर्णपटात, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, ५७० हर्ट्झच्या आसपास एक उंच सुळका, काहीही नोंदवलं तरी तिथंच. दोन्ही टोकं बंद असलेली नळी अर्ध्या तरंगलांबीला घुमते : ३४३ भागिले ०.६, उत्तर ५७२. म्हणजे माझ्या छातीत काही नव्हतं, नळी शिट्टी वाजवत होती. कापून ३ सेंटिमीटर केली. सुळका पावणेसहा हजारांच्या घरात गेला, जिथं मला काही बघायचंच नाही. शिवाय कोंडलेली हवा कमी झाल्यानं आवाजही वाढला.

१२ जानेवारी

चार संध्याकाळी वाया. कारण एक कपॅसिटर.

‘लब’ आणि ‘डब’ दोन्ही पोकळ ऐकू येत होते. घड्याळाच्या टिकटिकीसारखे, अंग नसलेले. मी माइक बदलला, चेस्टपीस बदलला, छातीवरची जागा बदलली. शेवटी कागदावर सर्किट काढलं तेव्हा दिसलं. माइक आणि ऑप-अँपच्या मधे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढं १० किलोओहमचा रेझिस्टर. दोघांचा मिळून १५९ हर्ट्झचा बांध तयार झाला, म्हणजे त्याखालचे आवाज अडायला लागले. हृदयाच्या पहिल्या-दुसऱ्या ध्वनीचा बहुतेक ऐवज २० ते १५० हर्ट्झमध्ये असतो. जे पकडायचं तेच मी दारात अडवत होतो. बोलणं रेकॉर्ड करायच्या सर्किटाची नक्कल केली होती. बोलण्याला ते चालतं.

१० मायक्रोफॅरड लावला. बांध १.६ हर्ट्झवर आला, आणि नवी अडचण आली : श्वासासरशी छाती वर-खाली होते त्या संथ हालचालीनंच ऑप-अँप टोकाला जाऊन अडकायचा, मग दोन सेकंद सरळ रेघ. १ मायक्रोफॅरडवर, म्हणजे १६ हर्ट्झला, येऊन थांबलो. ‘डब’ला प्रथमच भरीवपणा आला.

१७ जानेवारी

लॅपटॉपच्या माइकच्या जॅकला जोडून रेकॉर्डिंग केलं. पहिले दोन ठोके ठणठणीत, तिसरा मंद, पाचव्यानंतर शांतता. पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच. वायर सैल असेल म्हणून सगळे टाके परत मारले. वायरीचा काही दोष नव्हता. लॅपटॉपमधला गोंगाट दाबणारा प्रोग्राम बोलणं सोडून बाकी सगळं कचरा समजतो, आणि माझं हृदय काही बोलत नव्हतं. सेटिंगमध्ये तो बंद केला, तरी आवाज आपोआप कमी-जास्त करणारी दुसरी सोय चालूच राहिली. यूएसबीचं साधं साउंड कार्ड आणलं, त्याच्या लाइन-इनला जोडलं, प्रश्न मिटला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तीन संध्याकाळी.

आणखी एक. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून ‘काही आलंच नाही’ असं ठरवू नका. ते स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाहीत, आणि आपला कानही तिथं मंद असतो. कानभर झाकणारे हेडफोन लावा, किंवा फाइल दुप्पट वेगानं वाजवा. सगळं एक सप्तक वर सरकतं आणि ऐकू यायला लागतं.

२१ जानेवारी

खरखर. श्वास घेतला की चर्र-चर्र, जणू फुप्फुसात काही आहे. छातीवरचे केस चेस्टपीसच्या पडद्याखाली घासत होते. जागा पाण्यानं ओली केली, केस एका बाजूला बसवले, आवाज गेला. डॉक्टर मंडळींना हे विद्यार्थिदशेतच शिकवतात म्हणे. मला एक संध्याकाळ मोजावी लागली.

हातानं चेस्टपीस दाबून धरण्याचाही त्रास आहे. एक सतत घुं-घुं येत राहते. आधी वाटलं वीजपुरवठ्याची, पण ती दाब वाढवला की वाढत होती. ती माझ्याच स्नायूंची होती. अंगठे कानात घालून मुठी आवळून बघा, दूर कुठं तरी मालगाडी चालल्यासारखा आवाज येतो, तोच हा. वुलस्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी त्याची वारंवारता मोजायचा प्रयत्न केला होता. उपाय सोपा : हात काढून घ्यायचा. रुंद इलास्टिकचा पट्टा छातीभोवती बांधला आणि चेस्टपीस त्याखाली सारला. पट्टा फार आवळला तर कातडी ताणली जाते आणि खालच्या पट्टीतले आवाज कमी होतात. दोन बोटं सरकतील इतका सैल बरा.

२७ जानेवारी

आता खरी घुं-घुं. ५० हर्ट्झ, आणि तिच्या मागोमाग १००, १५०. वीजपुरवठा कुठं ५० चा असतो, कुठं ६० चा; माझ्याकडं ५० चा आहे, म्हणजे नेमका हृदयाच्या आवाजाच्या मध्यावर बसलेला.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तिन्ही ठिकाणी नॉच फिल्टर लावले. नॉच म्हणजे एकच वारंवारता कोरून काढणारी गाळणी. क्यू, म्हणजे खाचेच्या अरुंदपणाचं माप, ३० ठेवला, की खाच अगदी अरुंद पडावी आणि शेजारचं काही कापलं जाऊ नये. घुं-घुं साफ गेली. फार समाधान वाटलं.

३० जानेवारी

ही नोंद लिहिणं जड जातंय.

परवा रात्री गाळलेली फाइल नीट बघितली. ‘लब’ संपल्यावर रेघ सपाट व्हायला हवी. ती होत नव्हती. प्रत्येक ‘लब’मागं एक शेपूट, हळूहळू विरत जाणारं, ‘डब’पर्यंत पोचणारं. ‘डब’मागंही तसंच. हेडफोनमध्ये मंद ‘घूंऽऽ’. झडपेतून रक्त खळाळत गेलं की दोन ध्वनींच्या मधे असा आवाज भरतो, त्याला मर्मर म्हणतात, एवढं वाचलेलं होतं. दहा फाइली उघडल्या. दहांत तेच. रात्री झोप लागली नाही. बायकोला सांगितलं नाही, सकाळी सांगितलं.

शाळेतला एक मित्र हृदयरोगतज्ज्ञ आहे. त्याच्याकडं गेलो. त्यानं फाइल ऐकायच्या आधी शर्ट काढायला लावला आणि आपला साधा स्टेथो चार ठिकाणी ठेवून ऐकलं. बसवून, आडवं करून, डाव्या कुशीवर वळवून.

“काही नाहीये रे,” तो म्हणाला. “छान वाजतंय. तुझ्या त्या फाइलमध्ये काय आहे ते तू शोध.”

मग हेडफोन लावले, अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, “मर्मर ‘लब’नंतरही आणि ‘डब’नंतरही अगदी एकसारखी? इतकी तंतोतंत? शरीर असं वागत नाही.”

घरी येऊन शोधलं. चेस्टपीस टेबलावर ठेवला, त्यावर पेन्सिलीच्या खोडरबरानं एक टिचकी मारली, ती रेकॉर्ड केली आणि त्याच फिल्टरांतून गाळली. टिचकीमागं तेच शेपूट. अरुंद खाचेचा फिल्टर घंटेसारखा असतो. टोला बसला की घुमत राहतो, आणि खाच जितकी अरुंद तितका जास्त वेळ. ५० हर्ट्झला क्यू ३० म्हणजे घुमणं एक-तृतीयांशावर यायलाच ०.१९ सेकंद लागतात. ‘लब’ ते ‘डब’ हे अंतर साधारण ०.३ सेकंद. माझी ‘मर्मर’ नॉच फिल्टरनं तयार केलेली होती.

तेव्हापासूनचा नियम : कुठलाही फिल्टर छातीवरच्या रेकॉर्डिंगला लावण्याआधी टिचकीला लावायचा. टिचकी गाळल्यावर जे दिसतं ते फिल्टरचं, त्यात शरीराचं काही नसतं.

१ फेब्रुवारी

नॉच तिन्ही काढून टाकले. घुं-घुं मुळातच येऊ नये म्हणून : लॅपटॉपचा चार्जर काढला आणि बॅटरीवर चालवला, माइकपासून बोर्डापर्यंतची वायर शील्डेड केली आणि तिची जाळी फक्त बोर्डाच्या बाजूला जमिनीला जोडली, सगळं सर्किट पत्र्याच्या डबीत बसवलं, टेबललॅम्प बंद. ५० हर्ट्झचा सुळका हृदयाच्या आवाजाच्या बराच खाली गेला.

चार्जर काढणं केवळ आवाजासाठी नाही. अंगाला जोडलेलं काहीही भिंतीतल्या विजेवर चालवू नये. हा मुद्दा मी पहिल्या दिवशी पाळला नव्हता, ती चूकच होती.

६ फेब्रुवारी

पाण्याच्या फुग्याची चाचणी. रबरी फुगा पाण्यानं भरला, एका बाजूला लहान स्पीकर टेकवला, दुसऱ्या बाजूला चेस्टपीस, आणि २० ते १००० हर्ट्झ असा चढता सूर सोडला. कल्पना माझी नाही. ग्लिया नावाच्या प्रकल्पानं थ्रीडी प्रिंटरवर छापलेला स्टेथोस्कोप तपासताना असाच फुगा वापरला होता. छातीपेक्षा फुग्याचा एक फायदा आहे, तो दर वेळी सारखाच वागतो.

निकाल वाईट. ८० हर्ट्झच्या खाली आवाज पायरीसारखा उतरलेला, आणि कपॅसिटर तर मी बदललेला. म्हणजे हवा गळत होती. पोकळीत सुईएवढं भोक असलं तरी संथ दाब त्यातून निसटतो. जलद दाबाला निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून वरचे सूर शाबूत राहतात आणि खालचेच जातात.

गळती कॅप्सूल आणि नळीच्या सांध्यात होती. तिथं गरम ग्लू लावला, तो वितळून कॅप्सूलच्या तोंडच्या जाळीत उतरला. दुसरी कॅप्सूल गेली. तिसरीच्या वेळी आधी कॅप्सूलच्या कडेला टेफ्लॉन टेपचे तीन वेढे, मग नळीत दाबून, मग बाहेरून सिलिकॉनचं बोट फिरवलं आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी फुग्यावर परत मोजलं तर रेघ ३० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट.

या एका सांध्यानं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानंही पडला नाही. ऑप-अँप भारी घेऊ का, माइक महाग घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी आधी त्यांचा सांधा बघेन.

१२ फेब्रुवारी

फट दिसली! ‘डब’च्या जागी दोन उंचवटे, मधे खळगा, अंतर २५ मिलिसेकंद. पायथनमध्ये ३० ते ८० हर्ट्झचा आठव्या ऑर्डरचा बँडपास, म्हणजे तेवढीच पट्टी सोडून बाकी कडक कापणारा फिल्टर, लावला होता. ओरडूनच सगळ्यांना बोलावलं.

१३ फेब्रुवारी

नव्हती. श्वास आत घेताना २५, सोडताना २५, श्वास धरून ठेवला तरी २५. आणि ‘लब’लाही दोन उंचवटे, तेही तेवढ्याच अंतरावर. टिचकीची चाचणी केली : एका टिचकीचे चार उंचवटे. त्यातला एक तर टिचकीच्या आधी! फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा चालवला की वेळेचा सरक निघून जातो, पण त्याचं घुमणं आधीच्या बाजूलाही पसरतं.

हिशेब सरळ आहे. ५० हर्ट्झ रुंदीच्या पट्टीतून जे बाहेर पडतं ते २० मिलिसेकंदांपेक्षा बारीक असूच शकत नाही. मला ३० मिलिसेकंदांची फट बघायची आणि बघतोय अशा जाड भिंगातून. पट्टी ४० ते ४०० हर्ट्झ केली, ऑर्डर दोनवर आणली. टिचकी पाच-सहा मिलिसेकंदांत आटोपते आता. ‘डब’चा एकच उंचवटा उरला, पण तो खरा आहे.

टिचकीचा नियम मी स्वतःच काल मोडला. इतक्या दिवसांच्या मेहनतीनंतर हवं ते दिसलं की तपासायची इच्छाच राहत नाही.

१८ फेब्रुवारी

मित्राला फोन केला. नवीन फाइली पाठवल्या.

“तू हे एपेक्सवर, हृदयाच्या खालच्या टोकाशी घेतलंयस,” त्यानं ऐकल्या ऐकल्या ओळखलं. “तिथं महाधमनीचाच आवाज येतो. फुप्फुसधमनीचा मंद असतो रे, तो तिथपर्यंत पोचत नाही. उरोस्थीच्या, छातीच्या मधल्या हाडाच्या, डाव्या कडेला ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या फासळीच्या मधे.”

“आणि श्वास आत घेऊन धरून ठेवू?”

“अजिबात नको. धरलास की दोन-चार ठोक्यांत सगळं परत सारखं होतं. चालता श्वास हवा. आत येताना छातीतला दाब उतरतो, उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, ते बाहेर टाकायला उजव्या कप्प्याला जास्त वेळ लागतो, म्हणून ती झडप उशिरा मिटते. डावीकडं तेव्हा थोडं कमी येतं, ती किंचित लवकर. हे सगळं श्वास वाहता असतानाच.”

मी गेले दोन आठवडे श्वास धरून बसत होतो.

२३ फेब्रुवारी

जागा बदलली. उरोस्थीवर बोट फिरवत खाली आलं की एक आडवी कड लागते, तिच्या शेजारची फासळी दुसरी. तिच्याखालची फट. तिथं ‘डब’ ‘लब’पेक्षा मोठा ऐकू येतो, तसा आला की जागा बरोबर.

कुठला ठोका आत येणाऱ्या श्वासावरचा आणि कुठला बाहेर जाणाऱ्या, हे मनात मोजून जमेना. साउंड कार्डला दोन चॅनल आहेत. चौथी कॅप्सूल नाकाखाली टेपनं चिकटवली आणि दुसऱ्या चॅनलला दिली. श्वासाची सळसळ शेजारीच नोंदली जाते, एकाच घड्याळावर. बाहेर जाणारा श्वास माइकवर आदळतो म्हणून मोठा दिसतो, आत येणारा बारीक. ओळखायला सोपं.

नवी अडचण मात्र अगदी मुळातली आहे. फट दिसते श्वास आत येताना, आणि नेमका तेव्हाच चेस्टपीसखालच्या फुप्फुसाचा आवाजही येतो, शंभर हर्ट्झच्या वर सगळीकडं पसरलेला. दोघांची पट्टी एकच. फिल्टरनं वेगळे होणार नाहीत.

१ मार्च

सरासरी काढून बघतोय. हृदयाचा आवाज प्रत्येक ठोक्याला त्याच आकाराचा, फुप्फुसाचा दर वेळी वेगळा. बारा ठोके एकमेकांवर रचले तर फुप्फुसाचा गोंगाट बाराच्या वर्गमुळानं, म्हणजे साडेतीन पटीनं, कमी व्हायला हवा.

पण रचायचे कसे? ‘लब’ जुळवून रचले तर ‘डब’ फिस्कटतो, कारण ‘लब’ ते ‘डब’ हे अंतर ठोक्याठोक्याला काही मिलिसेकंदांनी हलतं. दोन संध्याकाळी गेल्यावर ‘डब’चीच सुरुवात, म्हणजे महाधमनीचा पहिला उठाव, जुळवला. मोजायचं आहे त्याच्याच एका टोकाला खुंटी ठोकायची, हे उशिरा सुचलं.

ठोके आपोआप शोधणाऱ्या प्रोग्रामनं आधी नाडी १४४ दाखवली, खरी ७२. ‘लब’ आणि ‘डब’ दोन्हींना तो स्वतंत्र ठोके मोजत होता. दोनांमधलं लहान अंतर ‘लब’पासूनचं आणि मोठं ‘डब’पासूनचं, असं सांगितल्यावर सुधारला. विश्रांतीच्या नाडीला हे चालतं. जिने चढून आल्यावर दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी होतात आणि तो पुन्हा फसतो, त्यामुळं मी दहा मिनिटं पडून राहिल्याशिवाय रेकॉर्डिंग करत नाही.

७ मार्च

रात्री साडेदहा. पंखा बंद, घड्याळ खोलीबाहेर, उताणा पडून सहा मिनिटं सावकाश श्वास. ठोके दोन ढिगांत वाटले : श्वास आत येतानाच्या मध्यावरचे आणि बाहेर जातानाच्या शेवटचे. प्रत्येकी बारा.

बाहेरच्या ढिगात ‘डब’ एकसंध. एक उठाव, एक उतार.

आतल्या ढिगात पहिला उठाव, खाली रेघेच्या जवळपास जाणारा खळगा, आणि ३८ मिलिसेकंदांवर दुसरा उठाव, पहिल्याच्या निम्म्याहून थोडा कमी उंच.

या वेळी कुणाला बोलावलं नाही. आधी टिचकी त्याच फिल्टरांतून काढली : एकच उंचवटा. मग ‘लब’ बघितला : दोन्ही ढिगांत सारखा. मग बारा ठोक्यांचे सहा-सहा केले. पहिल्या सहांत फट, दुसऱ्या सहांतही फट. मग कुठला ठोका कुठल्या ढिगात हे मुद्दाम डोळे मिटून वाटलं आणि पुन्हा सरासरी काढली. फट विरघळून गेली, तशी ती जायलाच हवी होती.

मग सगळ्यांना उठवलं. मुलीनं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “ही झडप आणि ही झडप?” हो. ही महाधमनीची, ही फुप्फुसधमनीची, आणि मधे तुझ्या बाबाचा एक श्वास.

९ मार्च

मित्राला आलेख पाठवला. त्याचा निरोप : “सुंदर. आता उठून बसून घे. बसल्यावर उजवीकडं कमी रक्त येतं, फट लहान व्हायला हवी. झाली नाही तर मला कळव.”

बसून घेतलं. पाठ टेकलेली, पट्टा तोच, जागा तीच. बारा ठोके आत, बारा बाहेर. बाहेर एकसंध. आत २९ मिलिसेकंद.

आतापर्यंत गेलेलं सामान : दोन कॅप्सूल, एक नरसाळं, ग्लूची एक कांडी, दोन बॅटऱ्या. पाचवी कॅप्सूल शिल्लक आहे. मुलीनं ती मागितली आहे, तिला स्वतःसाठी चेस्टपीस बनवायचा आहे. उद्या सांधा भरायला तिलाच बसवणार आहे.